माळेबरोबर नेम येतो

जतच्या पेठेत आमचं कापडाचं दुकान आजोबांपासूनचं. गाव तेव्हा डफळ्यांच्या संस्थानात होतं. 1948 साली संस्थान विलीन झालं, 1949 मध्ये आम्ही दक्षिण सातारा जिल्ह्यात गेलो आणि 1960 मध्ये त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं. कचेरीच्या पाट्या बदलत गेल्या, गिऱ्हाईक मात्र तेच राहिलं. निम्मं मराठी बोलणारं, निम्मं कानडी, आणि घासाघीस दोन्ही भाषांत करणारं.

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर 2014 मध्ये 21 जून हा योगदिन ठरवला आणि पुढच्याच वर्षी शाळांकडून पांढऱ्या टी-शर्टची मागणी आली. मग बँकेतल्या, दवाखान्यातल्या, शाळेतल्या बायका ताणणारी पँट मागू लागल्या. आज आमच्या एका फळीवर तिरुपूरचा होजिअरी माल आहे, कोपऱ्यात गुंडाळलेल्या मॅट उभ्या आहेत आणि काउंटरच्या काचेखाली रुद्राक्षाची ब्रेसलेटं आहेत. माल दाखवायला येणारा पोरगा सांगतो, "काका, हे कुणालाही चालतं. कुठलाही धर्म, कुठलंही वय, बाई-पुरुष काही नाही. आणि गिऱ्हाईक आता जागरूक झालंय, प्लास्टिक नको म्हणतं." मी माल ठेवतो आणि विकतोही. पण योगाची कापडं आणि माळा या मुलखात त्याच्या कंपनीच्या कितीतरी आधी होत्या. फरक एवढाच की तेव्हा त्या सरसकट कुणालाही चालत नव्हत्या, आणि ज्याला चालायच्या त्याच्याकडून काहीतरी कबूल करून घेत होत्या.

सुरुवात लंगोटापासून करतो, कारण दुकानाचीही त्यानंच झाली. वडिलांच्या वेळी तीन थानं कधी संपू द्यायची नाहीत असा दंडक होता: मांजरपाट, पटक्याचं कापड आणि लंगोटाचं तांबडं. सांगली, मिरज, कोल्हापूर हा तालमींचा पट्टा आणि जत त्याच्या कडेला. लंगोट फाडून देताना वडील गिऱ्हाइकाला विचारायचे, कुठल्या तालमीत जातोस, वस्ताद कोण. उत्तर आलं नाही तर कापड द्यायचे, पण तोंड वाकडं करून. लंगोट बांधला की ब्रह्मचर्य आलं, पहाटे उठणं आलं, मारुतीपुढं नारळ आला. मल्लाचा लंगोट आणि साधूची कौपीन यांच्यात कापडाच्या दृष्टीनं फारसं अंतर नाही, आणि दोघांचा नेमही बराचसा एकच.

या दोघांना जोडणारा माणूस आमच्या शेजारच्या साताऱ्यात राहिला. समर्थ रामदासांनी 1682 मध्ये परळीच्या किल्ल्यावर, म्हणजे सज्जनगडावर देह ठेवला. तिथं त्यांच्या वापरातल्या म्हणून ज्या वस्तू जपल्या आहेत, त्यांत एक कुबडी आहे. लोक ती टेकायची काठी समजतात. योग्यांकडे तिचं काम वेगळं. बसल्या जागी ती काखेत धरून दाब दिला की विरुद्ध बाजूची नाकपुडी मोकळी होते, असं प्राणायाम करणारे सांगत आले आहेत. समर्थांच्या कुबडीत गुप्तीही आहे. एकाच काठीत श्वास आणि शस्त्र दोन्ही ठेवणारा योगी याच मुलखात शोभतो.

सूर्यनमस्कारांना सरकारी आश्रय मिळाला तो औंध संस्थानात. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी 1909 मध्ये गादीवर आले. त्यांचा आटपाडी महाल आज आमच्याच जिल्ह्यात आहे. तरुणपणी त्यांना सँडो या पाश्चात्त्य पहिलवानाच्या व्यायामाचं वेड होतं, त्याची साधनंही त्यांनी मागवली होती. पुढं मिरजेचे अधिपती गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि जन्मभर तिथंच राहिले. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. याच औंधात पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर स्वाध्याय मंडळ चालवत होते आणि वेदांबरोबर आसनांवरही पुस्तकं छापत होते. 1938 मध्ये लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेलं राजेसाहेबांचं पुस्तक लंडनमध्ये निघालं. साताऱ्याच्या एका लहानशा संस्थानातला व्यायाम इंग्रज बायका आपल्या दिवाणखान्यात करू लागल्या.

औंधच्या या खटाटोपात कापड विकणाऱ्याला जाणवते ती गोष्ट अशी, की तिथं वेगळा पोशाख लागलाच नाही. राजेसाहेबांच्या व्यायामाला साधन नको, आखाडा नको, वस्ताद नको. राणीसाहेबही नमस्कार घालत. आणि नऊवारी लुगड्याचा कासोटा घातलेल्या बाईला वाकायला, पाय मागं टाकायला अडचण ती कसली? आमच्याकडच्या बायका इरकल लुगडं नेसून ज्वारी काढतात, विहिरीच्या पायऱ्या उतरतात. व्यायामाला लुगडं आड येतं ही तक्रार पाचवारी गोल नेसण आल्यावरची. दोन पायांत विभागलेलं, अंगाबरोबर हलणारं बाईमाणसाचं वस्त्र इथं आधीपासून होतं. ते आपणच मागासलेलं ठरवून सोडलं आणि पुढं तीच सोय लायक्रात विकत घेतली.

आता आसन. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या बैठकीला दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र असे थर सांगितले आहेत. जतच्या माळावर दर्भ आणि मृगाजिन कुठून आणायचं? इथं होती घोंगडी. गुरुचरित्राचं पारायण असो, नवनाथांची पोथी असो, जपाला बसायला काळी घोंगडी घडी करून टाकायची. ती कशी होते हे ज्यानं पाहिलं नाही, त्यानं एकदा पाहावं. धनगर मेंढरं कातरतो, बायका लोकर पिंजून सूत काढतात आणि सनगर ते खड्ड्याच्या मागावर विणतो. सूत नुसतं विणलं तर तुटतं, म्हणून त्याला चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून केलेली ही खळ ताण्यावर मोठ्या कुंच्यानं सारवतात आणि उन्हात वाळवतात. म्हणून नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ उभी राहते, अंगाला टोचते आणि तिला खळीचा आंबूस वास येतो. चार धुण्यांनंतर खळ जाते, लोकर एकमेकीला धरते, आणि मग तिच्यावर पडलेलं पाणी बराच वेळ आत शिरत नाही. रंग मेंढीचाच, रंगाऱ्याचं काही काम नाही. आजच्या भाषेत जिला पर्यावरणपूरक मॅट म्हणतात, ती आमच्या आजीच्या फडताळात पडलेली असायची.

पण घोंगडीचा मोठेपणा सांगताना तिची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. लोकर आणि रेशीम विटाळत नाही, असं शास्त्र. म्हणून सोवळ्यात धाबळी चालायची, कद चालायचा, मुकटा चालायचा आणि जपाला घोंगडी चालायची. तीच लोकर कातरणारा धनगर आणि विणणारा सनगर मात्र ओसरीच्या अलीकडेच थांबायचे. वस्तू माजघरात जाते आणि ती करणारा बाहेर राहतो, हे आमच्या धर्मानं कित्येक पिढ्या निमूट चालवलं.

मागांचं पुढं काय झालं, त्याचं उत्तर आमच्याच तालुक्यात आहे. माडग्याळ हे जत तालुक्यातलं गाव. त्याच्या नावानं ओळखली जाणारी मेंढी उंच, तांबूस-पांढरी, पोपटाच्या चोचीसारख्या नाकाची. बाजारात तिच्या नरांच्या किमतीच्या गोष्टी ऐकून माणूस थक्क होतो. ही मेंढी मटणाची. लोकर तिच्या अंगावर नावालाच. काळ्या दख्खनी मेंढीच्या भरड लोकरीला भाव राहिला नाही, कातरायची मजुरीही सुटेना, तेव्हा धनगरानं जी मेंढी पैसा देते ती धरली. त्यात त्याची चूक काय? पण लोकर गेली की मागही बसतो. आज घोंगडी मागणारं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं असतं, आणि ते 'अस्सल आहे ना' असं विचारतं. विणणाऱ्याला किती मिळाले, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

दागिन्यांचं म्हणाल तर या मातीतला योगाचा एक जुना दागिना लिंगायत माणसाच्या छातीवर दिसतो. बसवेश्वर कल्याणला जाण्याआधी मंगळवेढ्यात होते, आणि मंगळवेढा म्हणजे आमचा शेजार. बाराव्या शतकात त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या शरणांनी देव देवळातून काढून प्रत्येकाच्या तळहातावर ठेवला. इष्टलिंग डाव्या हातावर घ्यायचं, नजर त्यावर स्थिर करायची, हा शिवयोग. ते एरवी ठेवायचं चांदीच्या डबीत. आमच्याकडे तिला करडगी म्हणतात, आणि ती ज्या दोऱ्यानं गळ्यात असते तो शिवदार. मूल जन्मलं की जंगमाच्या हातून लिंग बांधतात, मुलगा असो वा मुलगी.

पेठेतल्या एका जुन्या सोनारकाकांकडे डागडुजीला आलेली एक करडगी मी हातात घेऊन पाहिली आहे. बोरापेक्षा मोठी, लिंबापेक्षा लहान, दोन बाजूंना दोरा ओवायच्या कड्या आणि मधोमध फिरकीचं झाकण. वरची नक्षी पुढच्या बाजूला जवळजवळ पुसून गेलेली, मागच्या बाजूला शाबूत. अंगठा रोज त्याच जागी पडून चांदी झिजलेली. आत लिंग नव्हतं. दुरुस्तीला देताना ते काढून घेतात आणि तेवढा वेळ वस्त्रात बांधून अंगावरच ठेवतात. सोनारकाका म्हणाले, "वजनानं भाव करायला ये, पण ही मोडीत कुणी घालत नाही." दागिना आणि लिंगाचं घर यातला फरक त्या एका वाक्यात होता.

तालुक्यातलं गुड्डापूर दानम्मादेवीचं. दानम्मा मूळची आमच्याच उमराणीची, नाव लिंगम्मा, असं परंपरा सांगते. शरणांच्या काळातली ही बाई दानधर्मानं दानम्मा झाली. कार्तिकातल्या यात्रेला सोलापूरहून, कर्नाटकातून माणसं चालत येतात. त्याच काळची अक्कमहादेवी तर वस्त्रच टाकून केस पांघरून निघाली. आणि सोलापूरचे शिवयोगी सिद्धरामेश्वर यांच्या संक्रांतीच्या यात्रेत आजही हजारो पुरुष पांढरी बाराबंदी घालतात. सात नंदीध्वज, त्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे, आणि पोशाख सगळ्यांचा एक. बंद बांधायचे, बटण नाही. त्या गर्दीत मालक कोण, हमाल कोण, हे कापडावरून सांगता येत नाही. धंद्यातला माणूस म्हणून मला हे फार मोठं काम वाटतं, कारण एरवी आमचा सगळा धंदाच कापडावरून माणूस ओळखण्यावर चालतो.

उत्तरेला पंढरपूर. तुळशीच्या माळा करणारे काशीकापडी समाजाचे लोक तिथं पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आले. माळ घातली की मांस सुटलं, दारू सुटली, एकादशी आली, वारी आली. वारकऱ्यांत माळ विकत घेणं पुरत नाही, ती कुणाकडून तरी गळ्यात घालून घ्यावी लागते. ही माळ सगळ्या जातींच्या गळ्यात होती. मंगळवेढ्याचे संत चोखोबा गावकुसाच्या कामात भिंतीखाली दबून गेले. त्यांच्या गळ्यात माळ होती, पण महाद्वाराच्या आत जागा नव्हती. दलितांना विठ्ठलाचं दार उघडलं ते 1947 मध्ये, साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. माळ सहाशे वर्षं आधी पोचली, माणूस मागून.

नाथपंथी जोगी आमच्या लहानपणी पेठेतून जायचे. जिल्ह्यातच बत्तीस शिराळ्याला गोरखनाथांचं ठाणं आहे. कानात मुद्रा, गळ्यात रुद्राक्ष, काळ्या लोकरीच्या दोऱ्याला, म्हणजे शैलीला, बांधलेली शिंगाची शिट्टी, म्हणजे शिंगी. कान चिरून घातलेली मुद्रा कुणी हौसेनं घालत नाही. ती घालणारा घरदार सोडून आलेला असतो.

आणि जतची यल्लम्मा. मार्गशीर्षात तिची मोठी जत्रा भरते. कवड्यांच्या माळा, हळदीची कपाळं, डोक्यावर देवीचा जग, चौंडक्याचा आवाज. या देवीच्या नावानं लहान मुलींच्या गळ्यात मण्यांची माळ बांधायचे आणि त्या मुलीचं आयुष्य ती माळ ठरवायची. केसांत जट झाली की देवीचं बोलावणं आलं म्हणायचे. जोग्याची जटा तप ठरली आणि पोरीची जट शिक्षा ठरली. या देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात 1934 मध्ये कायदा झाला, कर्नाटकात 1982 मध्ये, महाराष्ट्रानं 2005 चा नवा कायदा केला. जट कापायला कात्री घेऊन फिरणारे कार्यकर्ते या भागानं पाहिले आहेत. म्हणून जुन्या माळांचं कौतुक करताना माझी जीभ अडखळते. नेम स्वतः घेतला तर तो साधना, दुसऱ्यानं गळ्यात बांधला तर तो फास. हा भेद आपल्या परंपरेनं बाईच्या बाबतीत पाळला नाही.

मग बाहेरचं जग यात आलं. बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्यात शिकवायला आले. मूळ कर्नाटकातले, पण त्यांचं सगळं काम पुण्याचं. शिकवताना गुडघ्याची, मांडीची ठेवण दिसली पाहिजे, म्हणून त्यांच्याकडे फुग्याची आखूड चड्डी रूढ झाली. जगभरच्या त्यांच्या शिष्यांत ती पुण्याच्या नावानं ओळखली जाते. खुर्ची, दोर, पट्टा, ठोकळा, घडी केलेली चादर, ही साधनं त्यांनी म्हाताऱ्या आणि आजारी माणसांसाठी आणली. त्यांच्याच शिष्या अँजेला फार्मर जर्मनीत शिकवत असताना गालिच्याखाली घालायचं अस्तर कापून त्यावर उभ्या राहिल्या, पाय घसरेना. आजच्या मॅटचा जन्म तो. घोंगडीवर बसायचं असतं, मॅटवर उभं राहून ताणायचं असतं. योग बसण्याकडून उभं राहण्याकडे आला आणि त्याबरोबर कापड बदललं, हे कुणी ठरवून केलेलं पाप नव्हे. आसन बदललं की वस्त्र बदलणारच.

बदलाचा मोठा फायदाही मी रोज पाहतो. आमच्या दुकानात योगाची पँट घेणाऱ्यांत मुसलमान घरातली शिक्षिका आहे, बौद्ध परिचारिका आहे, सत्तरीतली लिंगायत अक्का आहे. कुणाला कुणाची परवानगी लागली नाही, सोवळं आड आलं नाही, जात विचारली गेली नाही. ज्या साधनेच्या दाराशी इतकी शतकं पहारा होता, तिथं कुणीही सरळ आत जावं, हे बाजारानं केलं. धर्मानं करायला हवं होतं, पण बाजारानं केलं.

त्या बाजारानं पहाऱ्याबरोबर नेमही काढून टाकला, ही माझी तक्रार. काचेखालचं ब्रेसलेट पाच मुखी रुद्राक्षाचं आहे. त्यातले बारीक मणी बहुतेक इंडोनेशियातून येतात, आणि ते घालणाऱ्याला काहीही सोडावं लागत नाही. शांती मिळेल असं पुडक्यावर छापलेलं असतं. बदल्यात काय द्यायचं, त्या रकान्यात फक्त किंमत आहे.

आमच्यापासून जवळ विजयपूरला ज्ञानयोगाश्रमाचे सिद्धेश्वर स्वामी होते. 2 जानेवारी 2023 ला ते गेले, तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंची गावं हळहळली. ते साधा पांढरा सदरा घालत आणि त्या सदऱ्याला खिसा नसे. 2018 मध्ये जाहीर झालेली पद्मश्री त्यांनी नम्रपणे नाकारली. आपल्यामागं स्मारक उभारू नका, असंही लिहून ठेवलं. शिवणाऱ्याच्या हिशेबानं खिसा गाळला तर वीतभर कापड वाचतं. स्वामींच्या हिशेबानं त्यात सगळा अपरिग्रह आला. योगाचं कापड म्हणून काही वेगळं दाखवायचंच झालं, तर मी तो सदरा दाखवीन.

तेव्हा माझा निकाल असा. दार उघडलं ते चांगलं झालं, ते पुन्हा लावू नये. माळ कुणाच्याही गळ्यात शोभते. पण जागरूक गिऱ्हाईक म्हणवून घ्यायचं असेल, तर पुडक्यावरची पानाची खूण पाहून भागणार नाही. घोंगडी घेताना सनगराला काय मिळालं, माळ घेताना काशीकापड्याला काय मिळालं, हे विचारा. विक्रेत्याला सांगता आलं नाही, तर जिथं सांगता येईल तिथं जा, मग ते माझं दुकान नसलं तरी चालेल. आणि गळ्यात काही घालणार असाल तर त्याबरोबर एखादा नेम स्वतः होऊन घ्या, लहान का असेना. तेवढा घेतलात, तर माळेची किंमत मी जरूर कमी करून देईन.